जाजमाचा काठ

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. देवापुढं बसले तरी बाकीचं सगळं बोलायची आणि एवढंच गिळायची. आता तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही धड सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, काशीला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं हे तोंडातून निघत नाही. मी करून बघितलंय. दोनदा-तीनदा तर अगदी ओठापर्यंत आणलं होतं.

काशी माझी मैत्रीण. आता ती नाही.

माझं माहेर युसूफ वडगावचं. निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. आमची जमीन बऱ्यापैकी होती, घरात माणसांचा राबता होता, आणि मी सगळ्यांत धाकटी म्हणून लाडाची. हट्टी होते. काशी कासाराची पोर. तिचे वडील बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून बाजाराला गावोगाव जायचे. आणि तिसरी हमिदा, बाजारात फळं विकणाऱ्या इस्माईलचाचांची लेक. आमच्या तिघींची घरं जवळजवळ, म्हणून लहानपणापासून सोबत. जेवणाखाणाचं आमचं वेगळं होतं, खेळण्याचं एक. त्या काळी तसंच असायचं आणि आम्हाला त्यात काही वाटायचं नाही.

काशी दिसायला चांगली होती. हे सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सावळीच, पण डोळे असे की बाजारात आलेल्या परक्या बायकासुद्धा विचारायच्या, कुणाची गं तू? त्या डोळ्यांवरच सिरसाळ्याच्या लोकांनी तिला पसंत केलं होतं. लग्न मार्गशीर्षात धरलं होतं. माझंही कुठं कुठं बघणं चाललं होतं. हमिदाचं हैदराबादेला ठरल्यात जमा होतं. म्हणजे आता तिघींची तोंडं तीन दिशांना होणार, हे दिसत होतं.

म्हणून त्या वर्षीच्या कार्तिकात मी आत्याच्या मागं लागले. कार्तिकात आवळीभोजन असतं, ठाऊक असेल तुम्हाला. आवळ्याच्या झाडाची पूजा करायची, तिथंच रांधायचं, तिथंच जेवायचं. दरवर्षी आम्ही मळ्यातल्या झाडाखाली करायचो. मी म्हटलं, यंदा धरणावर जायचं.

डोंगराच्या दोन सोंडांमध्ये सरकारनं दगडी बांध घालून पाणी अडवलं होतं. फार मोठं नव्हतं. पण आमच्या मुलखात एवढं पाणी एका जागी कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं लोक गाड्या जुंपून ते बघायला जायचे. भोवती सरकारी रान. धावडा, पळस, बेल, आणि उतारावर सगळीकडं सीताफळीच. आवळ्याची झाडं तिथं होती, हे मी कुणाकडून तरी ऐकून ठेवलं होतं. आत्या नको म्हणत होती. मी दोन दिवस जेवले नाही. मग झाली तयार.

आमचा जुना गडी रामा तात्या गाडी हाकायला होता. पहाटे निघालो. थंडी होती, तिघी एका गोधडीत गुरफटून बसलो होतो आणि हमिदा तिच्या होणाऱ्या सासूची नक्कल करत होती. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर आलेली. आत्यासुद्धा हसत होती, आणि ती सहसा हसत नसे. असं वाटतं की तिथंच थांबावं. पुढं जाऊच नये, गाडीत बसूनच राहावं.

पण पुढं गेलो. रान लागलं तशी वाट चढाची झाली. चौकीपाशी चौकीदारानं नावं विचारली आणि सोडलं. मग एकदम पाणी दिसलं. काशी नुसती बघतच राहिली. म्हणाली, "सोने, हे एवढं पानी रातचं बी असंच ऱ्हात असंल का गं?" सोनाबाई माझं नाव. मला सोने म्हणणारं आता कुणी उरलं नाही.

बांधाच्या अलीकडं वर चढाला एक आवळ्याचं झाड होतं, आणि त्याच्या लगतच एक मोठा उंबर. तात्यानं बैल खाली ओढ्याशी सोडले आणि वर बघून म्हणाला, "उंबराला आग्या मोहळ हाय. चूल वर मांडू नका. पूजा करा अन् रांधायला खाली या." तसं त्यानं स्पष्ट सांगितलं. आम्ही तिघींनी ऐकलं.

खालून पाणी दिसत नव्हतं. एवढंच कारण. पाणी बघत रांधायचं होतं मला. आत्याचे गुडघे दुखत होते, ती खाली गाडीपाशीच बसली. तात्या तिच्यापाशी, जळणाच्या काटक्या मोडत. आम्ही तिघी पूजेचं सामान, पातेली आणि मोठं जाजम घेऊन वर गेलो. काशी म्हणाली, "तात्या नको म्हनला न्हवं?" मी म्हटलं, मोहळ केवढं उंच आहे बघ, आपली एवढीशी चूल. तीन दगड मी मांडले. जाळ मीच केला. काटक्या दंवानं ओल्या होत्या, त्यामुळं जाळ कमी आणि धूरच जास्त.

आता तुम्हाला वाटेल, हेच ते. नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरी त्यासाठी मी मार खाल्ला, पुढं वर्षानुवर्षं बोलणी खाल्ली, आणि खाली मान घालून ऐकली. खरं सांगू? ती बोलणी मला बरी वाटायची. चुलीबद्दल कुणी बोललं की वाटायचं, चला, दोष तर कबूलच केलाय आपण. माणूस धाकटी चूक पुढं करतो आणि थोरली तिच्या मागं लपवतो. मी तेच केलं. अगदी आत्तासुद्धा बघा, किती वेळ गाडी न् बैल न् पाणी सांगत बसले.

धूर वर गेला. हमिदा सीताफळं तोडायला जरा पाण्याच्या बाजूला उतरली होती. मी आणि काशी जाजमावर बसून वांगी चिरत होतो. आधी एक-दोन माश्या आल्या. मग एक आवाज आला — जातं फिरल्यासारखा, पण वरून. काशी उठून उभी राहिली आणि वर बघितलं. तेवढंच. तिनं वर बघितलं आणि ते सगळं मोहळ खाली आलं.

ज्यानं हे भोगलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. कानात, केसांत, पापण्यांवर. हमिदानं सरळ पाण्यात उडी टाकली, तिचा आवाज मी ऐकला. काशी माश्या झटकायला हात मारत गोल गोल फिरत होती. मला मानेवर आणि हातावर डसल्या, आणि मी खाली पडले ते जाजमावरच. पडले तशी जाजम अंगावर ओढलं. त्याचं एक टोक डोक्याखाली, एक पायाखाली, आणि दोन्ही काठ मुठीत धरून आत दुमडून घेतले. जाड जाजम होतं. लग्नात पंगतीला अंथरायचं, दहा माणसं ओळीनं बसतील असं. आत अंधार झाला. बाहेर तो आवाज, आणि आत एकही माशी नाही. एकही.

आणि मग काशी आली.

तिला जाजम दिसलं असणार. किंवा चाचपत आली असेल, डोळे तोवर मिटले होते की काय, कुणास ठाऊक. ती माझ्या पाठीशी येऊन पडली. जाजम ओढायला लागली. म्हणाली, "सोने, उघड. सोने, मी हाय. उघड की गं." मला सगळं ऐकू येत होतं. माझी शुद्ध हरपली नव्हती, मला भोवळ आली नव्हती, मी घाबरले होते पण कोण बोलतंय ते मला कळत होतं. मी काठ आणखी घट्ट धरला. तिनं खालून बोटं आत घातली. बांगड्या आधी किणकिणल्या आणि मग बोटं आली. थोडी फट झाली, त्यातून उजेड आला, आणि मला वाटलं, आता माश्या येतील.

मी ती बोटं उचकटून काढली. एक एक करून. आणि बाहेर ढकलली. आणि त्या जागेवर गुडघा ठेवला.

हे ते.

पुन्हा तिनं किती वेळ ओढलं? मला माहीत नाही. थोडाच वेळ असेल. मग ती उठली, पळाली, ठेचकाळल्याचा आवाज आला, आणि मग मात्र बाहेर फक्त माश्यांचाच आवाज. मी आत होते. जाजमाला लग्नातल्या तुपाचा वास येत होता. तो वास मी आत ओढत होते आणि मला बरं वाटत होतं. बरं वाटत होतं — हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. दुसरा शब्द वापरला तर ते खोटं होईल.

तात्या घोंगडी पांघरून, ओल्या गवताचा धूर करत वर आला. चौकीदार त्याच्या मागं. हमिदाला त्यांनी पाण्यातून काढलं, तिच्या डोक्यावर, कपाळावर चावे होते पण ती बोलत होती. काशी पाण्याच्या वाटेवर पालथी सापडली, श्वास तेवढा चालू होता. पाण्यापर्यंत पोचली नव्हती. तिचा चेहरा — तो मी तेव्हा पाहिला नाही. तात्यानं धोतराचा सोगा फाडून त्यावर टाकला होता.

आणि मग आत्यानं विचारलं. तिथंच, गाडीत घालता घालता. आत्या रडत होती आणि तिनं सहज विचारलं, "एवढं मोठं जाजम होतं गं, हिला कावून न्हाई घेतलंस आत?" तिच्या मनात काही नव्हतं. माणूस विचारतो तसं विचारलं. मी म्हणाले, "मी हाका मारल्या. लई हाका मारल्या आत्या. ती भ्याली आन् पान्याकडं पळाली."

इतकं पटकन आलं ते. मला शोधावंही लागलं नाही.

हमिदा गाडीत माझ्यासमोर बसली होती. निथळत होती, थरथरत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. ती पाण्यात होती, डोकं आत-बाहेर करत होती, तिला काय दिसलं असेल किंवा नसेल, ते मला कधीच कळलं नाही. तिचं लग्न झालं, ती हैदराबादेला गेली, आणि आमची पुन्हा गाठ पडली नाही. ती माहेरी आली की मी आजारी पडायचे.

काशीला पुष्कळ दिवस ताप होता. हकीम येऊन जायचे. सुईनं माश्यांचे काटे काढले तरी निघतच होते. मी रोज जाऊन तिच्या उशाशी बसायची. सगळं गाव म्हणायचं, काय माया आहे पोरीची. मी मायेनं जात नव्हते. ती तापात बरळायची, ते ऐकायला जात होते. ती म्हणायची, "उघड. उघड गं. उघड की." तिची आई मला सांगायची, "डोळा उघडत न्हाई म्हनून बडबडतीय बघ लेकरू." आणि पदरानं तोंड पुसायची. मी मान हलवायची. हो म्हणायची.

ताप उतरला. एका डोळ्यात फूल पडलं ते कायमचं. दुसऱ्यानं दिसायचं, पण तोही हळूहळू अंधुक होत गेला. एका बाजूची कातडी ओढल्यासारखी झाली. सिरसाळ्याची माणसं येऊन बघून गेली. चहा-पाणी घेतलं, गोड बोलली, आणि नंतर निरोप आला की मुहूर्त लांबणीवर टाकू. पुढचा मुहूर्त कधी आलाच नाही. लोक तरी काय, म्हणायला लागले की पोरगी मुळातच भांबावणारी होती, नाहीतर मैत्रीण हाका मारत असताना कुणी उलटं पळतं का? तेही माझ्याच बोलण्यातून निघालं होतं. मी पेरलं आणि ते गावभर उगवलं.

पण याहून वाईट एक आहे. ते मी मधेच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल.

ती उठून बसायला लागली तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघीच होतो. तिच्या डोळ्यांवर पट्टी होती. तिनं मला विचारलं, "सोने, मी तुझ्यापाशी आल्ते का गं?" मी तिची गोधडी सारखी करायला लागले. ती म्हणाली, "मला असं वाटतंय की मी काहीतरी वढत होते. कापड. कुनीतरी आत होतं." ती आठवायचा प्रयत्न करत होती. अगदी शांतपणे, रागानं नाही. तिला खरंच नीट आठवत नव्हतं आणि तिला माझ्याकडून खरं काय ते जाणून घ्यायचं होतं. कारण तिथं मीच होते. दुसरं कुणाला विचारणार?

मी म्हणाले, "न्हाई. तू आलीच न्हाईस. तुला तापातलं आठवतंय. मी हाका मारत होते आन् तू पळालीस."

तिनं डोळ्यांवरची पट्टी चाचपली. मग म्हणाली, "येडीच मी."

त्या दिवसापासून तिला तेच आठवायला लागलं, जे मी सांगितलं होतं. मी बघितलंय ते होताना. पहिल्यांदा ती सांगायची तेव्हा अडखळायची. मग सरळ सांगायला लागली. पुढं पुढं तर बाजारात बायकांना हसून सांगायची — "ही सोनी घसा फाटेस्तवर वरडत होती, आन् मी येडी पान्याकडं." बायका हळहळायच्या. मग माझ्याकडं बघून म्हणायच्या, बिचारीनं किती हाका मारल्या. आणि मी तिथं बसलेली असायची.

माझं लग्न त्याच वर्षी फाल्गुनात झालं. केजच्या वाटेवरच्या गावात दिलं मला. काशीच्या वडलांनी माझा हिरवा चुडा भरला, काशी आत बसून होती. पुढं वडील थकले तेव्हा बांगड्या तिनं खांद्यावर घेतल्या. सोबत धाकटा भाऊ असायचा, नंतर त्याची बायको. डोळ्याचं काम तिनं हातावर घेतलं. मनगट धरलं, जरा दाबलं की तिला माप कळायचं. आमच्या गावच्या बाजाराला ती आली की पहिली माझ्या घरी. पंचमीला, संक्रांतीला, माझ्या डोहाळजेवणाला, लेकीच्या बारशाला. ओसरीवर बसायची, माझा हात मांडीवर घ्यायची, बोटं गोळा करून दाबायची आणि बांगडी वर सरकवायची. तिला माझा हात दुखू द्यायचा नसायचा. म्हणायची, "सैल सोड गं. कावून एवढा ताठ धरतीस?"

मला कधीच सैल सोडता आला नाही.

बांगड्या भरून झाल्या की कासाराला नमस्कार करायची आमच्यात रीत आहे. मी खाली वाकून तिच्या पायावर डोकं ठेवायची. बाकीच्या बायका नुसते हात जोडायच्या. सासूबाई म्हणायच्या, एवढं वाकायला ती काय देव आहे का? मला वाटायचं, या वाकण्यानं काहीतरी होत असेल. थोडं थोडं उतरत असेल. काही होत नव्हतं. उलट काशी माझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि आशीर्वाद द्यायची — अखंड भरलेला राहू दे हात.

माझे मालक तापानं गेले तेव्हा लेक लहान होती. त्यांना उचललं, आणि जावा मला धरून मागच्या अंगणात घेऊन गेल्या, दगडावर माझे हात ठेवले. बांगड्या फोडल्या. सगळ्या घरात आक्रोश चालला होता. माझा नवरा चांगला माणूस होता हो. मला जीव लावला होता त्यानं. पण काचा खाली पडल्या तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं? आता काशीच्या हातात हात द्यावा लागणार नाही. हे आलं. नवरा दारातून बाहेर पडून अजून वेशीपर्यंत पोचला नव्हता, आणि मी सुटकेचा श्वास सोडला. आतापर्यंतचं ऐकून तुम्ही मला थोडं समजून घेतलं असेल, पोर होती, भ्याली म्हणून. तेव्हा मी पोर नव्हते.

आणि काशी तरी आलीच. तेराव्यानंतर. माळा सोबत नव्हत्या, रिकामी आली होती, भावजयीच्या खांद्यावर हात ठेवून. माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली. माझा उघडा हात शोधला आणि मांडीवर घेतला, नेहमी घ्यायची तसा. काही भरायचं नव्हतं तरी. बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग म्हणाली, "तुला एकटीला लई सोसावं लागलं. मी आल्ते तर बरं वाटलं का?"

मी तेव्हा सांगायला हवं होतं. जीभ उचललीसुद्धा. म्हटलं, "काशे, त्या दिवशी..." ती म्हणाली, "कोनत्या दिवशी?" आणि तिचं तोंड माझ्याकडं वळलं. मी म्हणाले, "काही न्हाई." तिनंही मग विचारलं नाही.

का सांगितलं नाही? भीती होती का, की ती मला टाकून देईल? होती. पण तेवढंच नव्हतं. तोवर गाव, घर, माझी लेक, सगळे मला हाका मारणारी म्हणून ओळखत होते. मलाही त्या बाईची सवय झाली होती. ती चांगली होती. मला तिच्यासारखं असायला आवडायचं. कधी कधी रात्री पडल्या पडल्या मला खरंच त्या हाका ऐकू यायच्या, माझ्या आवाजात. मग बोटं आठवायची आणि उठून बसायची.

तिला माझ्याआधी चांगलं स्थळ मिळालं होतं म्हणून तर मी — हेही विचारून झालंय स्वतःला. नाही. जाजमाखाली तेवढं सुचत नव्हतं. एवढंच सुचलं की मी आत आहे आणि ती बाहेर आहे. हे असंच राहावं.

काशी अंथरुणाला खिळली तेव्हा निरोप आला म्हणून मी वडगावला गेले. निजाम जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचे दोन्ही डोळे गेलेले, अंग एवढंसं झालेलं. भावाच्या मुली तिची शुश्रूषा करत होत्या, चांगल्या पोरी होत्या. तिनं माझा आवाज ओळखला. पोरींना म्हणाली, "हीच ती. धरनावरची." मग तिनं सगळं पुन्हा सांगितलं, थांबत थांबत, श्वास घेत. गाडी, हमिदानं केलेली सासूची नक्कल, पाणी. तिला पाणी फार आठवत होतं. त्यानंतर असं भरलेलं पाणी तिनं पाहिलंच नव्हतं ना. आणि मग माझ्या हाका.

थोरली पोर मला म्हणाली, "आत्या नेहमी सांगती. पन खरंच का हो मावशी, हाका ऐकून बी ती पळाली?"

काशीनं मान माझ्याकडं वळवली. तिच्या तोंडावर काय होतं ते मी अजून ठरवू शकलेले नाही. ती नुसती ऐकायला थांबली होती, का मला वाट करून देत होती? तिला सगळं आठवत होतं का? पहिल्यापासून? मला ठाऊक नाही, आणि आता कळायचा रस्ता नाही. एवढं खरं की ती थांबली होती. भरपूर वेळ थांबली होती.

मी म्हणाले, "लई हाका मारल्या गं पोरी. तिला ऐकूच गेल्या न्हाईत."

काशी हसली. "बघ, म्हनलं न्हवतं का," म्हणाली आणि मान फिरवून घेतली. त्यानंतर ती फारसं कुणाशी बोलली नाही. मी तिथं होते तोवरच गेली.

मी एकही हाक मारली नव्हती. हाका ती मारत होती, आणि मला सगळ्या ऐकू येत होत्या.